छतातला तो ‘ख्श्श्श’ आवाज

रात्री छताच्या पोकळीतून घोरल्यासारखा लांबलचक ‘ख्श्श्श’ येतो, थांबतो, परत येतो असं म्हणताय ना, मग माझा पहिला संशय गव्हाणी घुबडाच्या पिल्लांवर. घुबड म्हटलं की सगळे घू-घू ची वाट बघत बसतात, पण हे घुबड घुमत नाहीच, चिरकतं, आणि पिल्लं भूक लागली की अशीच फुसफुसत राहतात, आईबाप उंदीर घेऊन आले की तर विचारूच नका. साप वाटून लोक उगाच घाबरतात, अहो साप कशाला रात्रभर फुत्कारत बसेल!

दिवसा खाली जमिनीवर बघा, घुबडाने ओकून टाकलेल्या अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या सापडल्या तर काडीने फोडा, आत केस आणि उंदराची बारीक हाडं निघाली की केस क्लोज. धावपळ, खुडबूड पण येत असेल तर उदमांजर किंवा उंदीर असू शकतात. बाळ रडल्यासारखं असेल तर बहुतेक वेळा बोकेच.

मोबाईलवर रेकॉर्ड कराच, आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप ट्राय करा, फक्त ते पक्षीच ओळखतं. आणि प्लीज, भोक लगेच बुजवू नका, पिल्लं साधारण २ महिन्यांत उडायला लागतात.