राष्ट्राध्यक्षांच्या सणाच्या संदेशात देव किती असावा?

रानजाई

२०२५ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहानिमित्त व्हाइट हाउसमधून ट्रम्प यांचा संदेश निघाला. त्यात येशू ख्रिस्ताला 'आमचा प्रभू आणि तारणहार' म्हटलं होतं. मृत्यूवर मात करणारा देवाचा जिवंत पुत्र, साऱ्या मानवजातीसाठी स्वर्गाची दारं उघडणारा, असंही त्यात होतं. अनेक ख्रिश्चनांना याचा मनापासून आनंद झाला, तर कित्येकांनी अमेरिकी राज्यघटनेची आठवण करून दिली, की सरकारने कोणताही एक धर्म आपला म्हणून स्वीकारू नये. मी दुसऱ्या गटातली आहे.

माझं म्हणणं असं, की राष्ट्राध्यक्षाने व्यक्ती म्हणून हवं त्याला भजावं, चर्चमध्ये जावं, भाषणात आपली श्रद्धा सांगावी. पण पदाच्या नावाने जे पत्रक निघतं, त्यात एका पंथाचा सिद्धांत सत्य म्हणून मांडू नये. ते पद सगळ्यांचं आहे.

'ही तर वॉशिंग्टनपासूनची परंपरा' असं कोणी म्हणण्याआधी पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचा मूळ मजकूर पाहू या. ३ ऑक्टोबर १७८९ ला त्यांनी थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या दिवसाचा, राष्ट्राध्यक्षांचा पहिला जाहीरनामा काढला, तोही काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) विनंती केल्यावर. त्यात देव आहे, भरपूर आहे: सर्वशक्तिमान, महान आणि तेजोमय, राष्ट्रांचा स्वामी. येशूचं नाव मात्र एकदाही नाही. बहुतेक सगळी प्रजा ख्रिस्ती असताना त्यांनी हा संयम पाळला. आणि एवढ्यावरही प्रतिनिधीगृहात साउथ कॅरोलायनाचे टॉमस टकर यांनी हरकत घेतलीच होती, की हा धर्माचा विषय आहे आणि काँग्रेसला त्यात हात घालायची मुभा नाही.

---

सह्यकडा

पूर्ण असहमत. त्याच संदेशातलं ते वाक्य नीट वाचा. 'मी आणि मेलानिया सण साजरा करणाऱ्या ख्रिश्चनांसोबत प्रार्थनेत सहभागी होत आहोत' अशी त्याची सुरुवात आहे. म्हणजे 'आमचा प्रभू' मधले 'आम्ही' कोण, हे तिथेच सांगून टाकलंय. यात हिंदूंवर किंवा ज्यूंवर काय लादलं गेलं? ईस्टर पुनरुत्थानाचाच सण आहे. त्यावर बोलताना पुनरुत्थान गाळायचं, तर उरतं काय?

२००९ मध्ये ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये स्वतः दिवाळीचा दिवा लावला, संस्कृत मंत्र म्हटले गेले, तेव्हा इथल्या प्रत्येक मराठी घरात ते फोटो फिरत होते. तेव्हा एकाने तरी राज्यघटना काढली का? आणि आपल्याकडे दर आषाढीला मुख्यमंत्री सपत्निक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, बळीराजासाठी पाऊस मागतात. नावातच शासकीय आहे. ते चालतं, आणि ईस्टरचा एक संदेश चालत नाही?

---

रानजाई

दिव्याचा फोटो मलाही आवडला होता, आजही आवडतो. पण त्या कार्यक्रमातून 'राम अयोध्येला परतला म्हणून जगाचा उद्धार झाला' असं अमेरिकेच्या पदाने जाहीर केलेलं नव्हतं. सण साजरा करणाऱ्यांना शुभेच्छा होत्या. ईस्टरलाही तशाच द्याव्यात, त्यात कुणाचं काही जात नाही.

पंढरपूरबद्दलही माझं मत तेच आहे. मुख्यमंत्र्यांनी वारकरी म्हणून माथा टेकवावा, त्यात आनंदच आहे. 'शासकीय' हा शिक्का नको. आणि वाक्याच्या सुरुवातीला ख्रिश्चनांसोबत म्हटलंय, हे मान्य. पण त्याच वाक्याच्या शेवटी 'साऱ्या मानवजातीसाठी' येतं. तिथे तुम्ही आणि मी दोघंही आलो.

---

तिठा

तुम्ही दोघंही देव किती ग्रॅम घालायचा यावर भांडताय. माझ्या मते असा जाहीरनामाच नको.

जेफरसन यांनी राष्ट्राध्यक्ष असताना एकदाही उपवासाचा किंवा आभारप्रदर्शनाचा दिवस जाहीर केला नाही. १ जानेवारी १८०२ ला कनेटिकट राज्यातल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट पंथीयांना लिहिलेल्या ज्या पत्रात चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आहे, त्याच्या मसुद्यात याचं कारणही दिलं होतं. ॲटर्नी जनरल लेव्हाय लिंकन यांच्या सल्ल्यावरून तो भाग वगळला गेला. आणि बाप्टिस्ट म्हणजे श्रद्धाळू ख्रिस्तीच की! कनेटिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्चला राज्याचा आश्रय होता, म्हणून त्यांना ती भिंत हवी होती. सरकारच्या तोंडी धर्म आला की पहिला चटका शेजारच्या पंथाला बसतो.

त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांचंच पाहा. १७९९ च्या त्यांच्या उपवासाच्या जाहीरनाम्यात तारणहारही होता आणि पवित्र आत्माही. पुढे १८१२ मध्ये मित्र बेंजामिन रश यांना लिहिताना त्यांनी सांगितलं, की त्या राष्ट्रीय उपवासानेच माझं पद घालवलं. हा माणूस प्रेस्बिटेरियन पंथाला राजधर्म करणार अशी क्वेकर, मेनोनाइट वगैरे पंथांना भीती वाटली, आणि त्यापेक्षा नास्तिक परवडला असं लोक म्हणू लागले. पराभवाची कारणं आणखीही होती, पण त्यांची स्वतःची समजूत ही होती. जेफरसन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी १८१२ च्या युद्धकाळात असे दिवस जाहीर केले खरे, पण निवृत्तीनंतरच्या टिपणांत लिहिलं, की अशा जाहीरनाम्यांमुळे राष्ट्राचा एक धर्म आहे हा चुकीचा समज पोसला जातो.

---

निवांत

तिठा, तुमच्या यादीत राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन का नाहीत?

३ ऑक्टोबर १८६३. गेटिसबर्गच्या लढाईला तीन महिने झालेले, यादवी युद्धात देश आपल्याच रक्तात न्हालेला. त्या दिवशीचा थँक्सगिव्हिंगचा जाहीरनामा परराष्ट्रमंत्री सिवर्ड यांनी लिहिला आणि लिंकन यांनी सही केली. त्यात पीकपाण्याबद्दल, खाणींबद्दल कृतज्ञता आहेच. पण पुढे राष्ट्राने आपल्या हेकटपणाबद्दल आणि अवज्ञेबद्दल नम्रपणे पश्चात्ताप करावा असं सांगितलंय. विधवा, अनाथ, शोकात बुडालेले, सगळ्यांना देवाच्या हाती सोपवलंय. युद्ध चालू असताना एका राष्ट्रप्रमुखाने स्वतःच्या देशाला 'आपण चुकलो' म्हणायला लावणं ही साधी गोष्ट आहे का? हे त्याने कुणाच्या साक्षीने म्हणायचं? अर्थव्यवस्थेच्या की संसदेच्या? सत्तेच्या वर कोणीतरी आहे असं सत्ताधारी जाहीरपणे म्हणतो, तेव्हा तो स्वतःला खाली आणतो. हे शब्द काढून टाकले तर उरतात फक्त स्वतःची पाठ थोपटणारी सरकारी पत्रकं.

लोकांनाही हे हवं असतं. २०११ मध्ये ओबामांच्या थँक्सगिव्हिंगच्या साप्ताहिक भाषणात देवाचं नाव आलं नाही, तर केवढा गदारोळ झाला. लेखी जाहीरनाम्यात देव होता, तरीही.

---

ओवी

निवांत, फार सुंदर लिहिलंय. पण त्या गदारोळानेच मला काळजी वाटते. देवाचं नाव न घेतल्याबद्दल राष्ट्राध्यक्षाला जाब विचारला जात असेल, तर ती श्रद्धा राहिली कुठे? ती हजेरी झाली.

---

सह्यकडा

कायद्याचंही पाहू. राष्ट्रीय प्रार्थना दिनाचा कायदा १९५२ चा, ट्रुमन यांच्या काळातला. २०१० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी तो घटनाबाह्य ठरवला. २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कारण साधं होतं: राष्ट्राध्यक्षाने प्रार्थनेचं आवाहन केल्याने कुणाचं नुकसान होत नाही, ज्याला नको त्याने करू नये. भावना दुखावणं हे खटल्याला पुरेसं कारण नाही. मला हे शंभर टक्के पटतं.

---

तिठा

न्यायालयाने वादींना दावा लावण्याचा अधिकार नाही एवढंच ठरवलं. तो कायदा घटनेत बसतो असं म्हटलेलं नाही.

आणि 'नको त्याने करू नये' याला जेफरसन यांनी १८०८ मध्येच उत्तर देऊन ठेवलंय, सॅम्युएल मिलर या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात. सरकारची शिफारस पाळली नाही तर दंड होत नाही, तुरुंग होत नाही, पण लोकांच्या नजरेतून माणूस उतरतो, आणि तीही शिक्षाच. १८४४ मध्ये साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर हॅमंड यांनी आभारप्रदर्शनाच्या दिवशी देवाची आणि 'त्याचा पुत्र येशू ख्रिस्त' याची उपासना करायला सांगितलं. चार्ल्सटनच्या शंभरावर ज्यू नागरिकांनी सह्या करून निषेध केला. गव्हर्नरांनी माफी तर मागितली नाहीच, उलट आपण ख्रिस्ती देशात राहतो असं सुनावलं. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारी माणसं एका पत्रकाने पाहुणी झाली. २००७ च्या जुलैमध्ये सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली, तेव्हा गॅलरीतून आरडाओरडा करून ती अडवणाऱ्यांचंही म्हणणं हेच होतं, की हा देश आमच्या देवाचा आहे. तुमचा दिवा आज चालतो आहे सह्यकडा, पण तो त्यांच्या मर्जीवर नको.

आपल्या घटनासमितीतही हा वाद झाला. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती मांडली. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला, की याच उद्देशिकेत आपण प्रत्येकाला श्रद्धेचं स्वातंत्र्य देतो आहोत. मतदान झालं आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. सभागृहात देव मानणारेच जास्त होते.

---

निवांत

पण त्याच घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात शपथ ईश्वरसाक्ष घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. म्हणजे देवाला दाराबाहेर काढलेलं नाही, निवड माणसावर सोडली आहे. मग निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षालाही ती का नसावी?

---

रानजाई

शपथ तो एकटा घेतो, म्हणून निवड त्याची. जाहीरनामा तो सगळ्यांना उद्देशून काढतो.

लिंकन यांच्याबद्दल निवांतशी मी सहमत आहे, आणि इथे माझं तिठाशी जमत नाही. तो जाहीरनामा मला गमवायचा नाही. पण त्याची ताकद कशात आहे ते बघा. अमेरिकेच्या सगळ्या भागांतले नागरिक, समुद्रावर असलेले, परदेशी गेलेले, सगळ्यांना त्यात नेमकं उद्देशून बोलावलंय. स्वर्गातल्या दयाळू पित्यापर्यंतच मजकूर थांबतो, पुत्रापर्यंत जात नाही. हॅमंड यांचं पत्रक आणि हा जाहीरनामा यांत अवघं १९ वर्षांचं अंतर. चार्ल्सटनमध्ये निषेधाची सही करणारा ज्यू नागरिक १८६३ चा मजकूर एक शब्दही न वगळता आपल्या सिनेगॉगमध्ये वाचू शकला असता. ईस्टरचा २०२५ चा संदेश त्याला तसा वाचता येणार नाही.