मदत हवी आहे: वाल्मिक कराड आणि नेत्यांबद्दलचे फॉरवर्ड तपासायचे कसे?

नमस्कार मंडळी,

आमचं मूळ गाव केज तालुक्यातलं, मी सध्या पुण्यात असते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून खून झाला तेव्हापासून घरच्या ग्रुपवर काही ना काही येतच असतं, आणि खटल्याची बातमी आली की तेच जुने फोटो नवीन कॅप्शन लावून परत फिरतात. आता काकांनी एक लांबलचक मेसेज टाकलाय, त्यात बऱ्याच आमदार-मंत्र्यांची नावं आणि प्रत्येकापुढे "कराडचा पार्टनर" (कराड म्हणजे या खटल्यातला आरोपी वाल्मिक कराड). पुरावा काय, तर लग्नातले फोटो, एक सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट ज्यात गट नंबर अर्धा कापला गेलाय, आणि "आरोपपत्र" नावाची पीडीएफ. आत्या म्हणते सगळं एआयने बनवलंय. दोघंही मागे हटायला तयार नाहीत.

मला पक्कं माहितीये ते एवढंच की कराड ३१ डिसेंबर २०२४ ला पुण्यात सीआयडीला शरण आला, पवनचक्की कंपनीकडे खंडणी मागितल्याचा आरोप आहे, मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागलाय, धनंजय मुंडेंनी तो आपल्या जवळचा असल्याचं स्वतः सांगितलं होतं आणि ४ मार्च २०२५ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पण जवळचा असणं वेगळं, धंद्यात भागीदार असणं वेगळं आणि गुन्ह्यात सामील असणं त्याहून वेगळं ना? ग्रुपवर तिन्हीची खिचडी झालीये. देशमुखांच्या घरच्यांना न्याय मिळावा असं मनापासून वाटतं, म्हणूनच विचारतेय, एक फोटो खोटा निघाला की लोक खरं असलेलं पण उडवून लावतात. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

ताई, पीडीएफवर आधी विश्वास ठेवू नका. आरोपपत्र सगळ्यांना बघायला वेबसाइटवर टाकलं जात नाही, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तशी मागणी फेटाळलीये. ई-कोर्ट्सवर आणि हायकोर्टाच्या साइटवर जामिनाचे ऑर्डर मिळतात ते वाचा, सरकारी पक्षाचं म्हणणं काय आणि कोर्टाने त्यावर काय म्हटलं हे त्यात बऱ्यापैकी येतं. फक्त लक्षात ठेवा, जामीन नाकारला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. आणि त्या पीडीएफमध्ये साक्षीदारांची नावं असतील तर कृपया ती अजिबात पुढे पाठवू नका, गावात राहतात ती माणसं.

प्रतिसाद २

सातबाऱ्याचं सोपं आहे. काकांकडून गाव आणि पूर्ण गट नंबर मागा, महाभूलेखवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये लागतात. फेरफार नंबर बघून नाव कधी लागलं तेही काढा, कारण एका गटात शेजारी शेजारी जमीन असलेले लोक एकाच सातबाऱ्यावर येतात, त्याला भागीदारी म्हणत नाहीत. कंपनीचा दावा असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर संचालक कोण आणि कधीपासून ते बघा, एकच आडनाव दिसलं म्हणून तोच माणूस समजू नका, परळीकडे कराड आडनाव बऱ्याच घरांत आहे. नेत्याचं निवडणूक प्रतिज्ञापत्र पण काढा, जमीन, शेअर्स, स्वतःवरचे खटले सगळं शपथेवर लिहिलेलं असतं, २०१९ चं आणि २०२४ चं शेजारी ठेवून वाचलं तर बरंच कळतं. फोटो गुगल लेन्सला टाका, आधी कुठे छापून आलाय का ते दिसेल.

मूळ धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. लग्नातला एक फोटो लेन्सवर टाकला, तो खराच निघाला, जुन्या बातमीत आहे, म्हणजे आत्याचं "सगळं एआय" चुकीचं. पण त्या बातमीत पार्टनर वगैरे काहीच नाही, कार्यक्रमाला कोण कोण आलं होतं एवढंच. काकांकडे गट नंबर मागितलाय, ते म्हणतात ज्याने पाठवला त्याला विचारतो. तोवर मेसेज डिलीट करा म्हटलं तर चिडलेत. जुना फेरफार ऑनलाइन दिसत नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करायचा की तहसीलला, कुणी सांगेल का?