मदत हवी आहे: 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो' ही ओळ आणि देणगीदारांची यादी

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमची एक लहान धार्मिक संस्था आहे. रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला खोल्या आणि दोन वेळचं जेवण, एवढंच काम. मी तिथे देणग्यांचं बघते: पावत्या, आभारपत्रं, वर्षातून दोनदा आवाहन.

गेल्या महिन्यात आवाहनाची पत्रं गेली. चार दिवसांनी एका बाईंचा फोन आला. पत्र त्यांच्या यजमानांच्या नावाने गेलं होतं. "ते जाऊन पाच महिने झाले," म्हणाल्या. मी माफी मागितली, नाव लगेच बदलते म्हटलं. त्यावर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "नावाचं काही नाही हो. पण पत्राखाली लिहिता ना, आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो म्हणून? मग हे पाच महिने कुणासाठी करत होतात?"

मला उत्तर सुचलं नाही. ती ओळ पत्राच्या नमुन्यातच आहे, माझ्या आधीपासूनची. रोजची प्रार्थना होते, पण देणगीदारांची नावं त्यात कुणी घेत नाही. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून एक्सेलची यादी उघडली की नजर शेवटच्या 'शेरा' रकान्यावर जाते. 'मुलगी परदेशी.' 'गुडघ्याचं ऑपरेशन.' 'सणाआधी फोन केल्यास देतात.' सगळं मीच लिहिलंय, लक्षात राहावं म्हणून. आता वाचताना लोकांवर पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

तर विचारायचं हे, की ज्याच्याकडे पुढे मागायचंच आहे त्याची विचारपूस खरी राहावी कशी? शिवाय आमचे एक विश्वस्त म्हणतात, 'या दानाचं पुण्य' वगैरे ठळक अक्षरात टाका, लोक जास्त देतात. मला पटत नाही, पण बैठकीत मांडायला मुद्दा नाही, नुसतं पोटात ढवळतं. आणि त्या बाईंना आता काय सांगू?

प्रतिसाद १

आधी त्या बाईंना विचारून त्यांच्या घरी जाऊन या. पावतीपुस्तक मात्र ऑफिसात ठेवून जा. नावं घेत नव्हतो हे सरळ कबूल करा, कारणं सांगत बसू नका.

ती ओळ एक तर काढा, नाही तर पाळा. आम्ही पाळायचं ठरवलं. साधारण साडेतीनशे नावं होती, ती महिन्याच्या तारखांवर वाटून टाकली. रोज बारा नावं, दोन मिनिटंही लागत नाहीत. याचा एक फायदा आमच्या ध्यानीमनी नव्हता. नावं मोठ्याने वाचली जातात तेव्हा बसलेल्यांपैकी कुणी तरी म्हणतं, "अहो, हे गेले की," किंवा "हे मुलाकडे राहायला गेले." यादी आपोआप दुरुस्त होत राहते.

प्रतिसाद २

विश्वस्तांसाठी मुद्दा देतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत (श्लोक २० ते २२). फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेलं दान तिथे राजस ठरवलंय, पहिल्या नंबरचं नाही. बायबलमध्ये, पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही (९:७) हेच आहे: ज्याने त्याने मनात ठरवलं तसं द्यावं, कुरकुरत किंवा भीड पडली म्हणून नको. म्हणजे पुण्याची जाहिरात करून आपण देणाऱ्याला एक पायरी खाली उतरवतो. बैठकीत हे असंच सांगा, धार्मिक माणसाला धर्मातलं बोललेलं लवकर पटतं.

जाता जाता: कुणी जकात (इस्लाममधलं बंधनकारक वार्षिक दान) म्हणून देत असेल तर ती वेगळी नोंदवा. बचतीवर अडीच टक्क्यांचा हिशेब असतो आणि ती कुणाला द्यायची याचे आठ गट कुराणात (९:६०) ठरलेले आहेत. खोल्यांच्या रंगकामाला ती वळवता येत नाही. मात्र त्या आठांत जकात गोळा करणारेही आहेत, तेव्हा 'ऑफिसखर्च कशाला?' हा प्रश्नही आजचा नव्हे.

प्रतिसाद ३

मला तुमची अपराधी भावना जरा जास्त वाटते. मागणं म्हणजे पाप नव्हे. चौकशीच्या आडून मागणं वाईट. मागायला फोन केलात तर पहिल्याच वाक्यात सांगा, "आज मागायला फोन केलाय." हालहवाल मागाहून. माणसं सुटकेचा श्वास टाकतात, अनुभव घेऊन बघा.

शेरा रकान्याचं म्हणाल, तर तो माणूस शेजारी बसून वाचतोय असं धरा. गुडघ्याचं ऑपरेशन त्याला चालेल. 'सणाआधी फोन केल्यास देतात' हे आजच पुसा.

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. त्या बाईंकडे वर्षभर काही मागू नका. यजमानांच्या नावाने मोठी रक्कम द्यायची असं त्या आपणहून म्हणाल्या तरी थांबा म्हणावं, घरच्यांशी बोलून घ्या म्हणावं. दुःखातल्या माणसाचा हात फार सैल सुटतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. जाऊन आले. बाईंनी चहा केला, यजमानांचे फोटो दाखवले, देणगीचा विषय दोघींनीही काढला नाही. निघताना म्हणाल्या, "आता वाचाल तेव्हा त्यांचं नाव काढू नका. गेलेल्यांसाठीही करतातच ना प्रार्थना?"

पुण्याची ओळ आली नाही. विश्वस्त गीतेपाशी गप्प झाले, पौलापर्यंत जावंच लागलं नाही.

सोमवारपासून नावं वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी अडलो. एका पावतीवर नुसती दोन आद्याक्षरं आणि आडनाव. प्रार्थनेत आद्याक्षरं कशी घेणार? म्हणून फोन लावला, पूर्ण नाव विचारलं. "कशाला हवंय?" जरा तुटकच. सांगितलं कशाला ते. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "माझं राहू द्या. हिचं लिहून घ्या."