मैफलीनंतर स्टुडिओत गायलेल्या आवाजाला 'लाइव्ह' म्हणावे का?

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर), धागालेखक

जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडने फेब्रुवारी १९७९ मध्ये टोकियोत जे कार्यक्रम केले, त्यांचे ध्वनिमुद्रण त्याच वर्षी 'अनलीश्ड इन द ईस्ट' या नावाने बाजारात आले. त्यातल्या गिटारींना आणि ड्रमना जी धार आहे, ती बँडच्या त्याआधीच्या स्टुडिओत केलेल्या मुद्रणांतही सापडत नाही, आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या दहांत पोहोचलेली ही त्यांची पहिलीच ध्वनिमुद्रिका होती. अडचण एवढीच आहे की तिच्यावरचे रॉब हॅलफर्ड यांचे गायन टोकियोतले नाही. मंचावरचे गायन वापरण्याजोगे निघाले नाही, म्हणून ते नंतर स्टुडिओत पुन्हा गायले, आणि हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. चाहत्यांनी तिला 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' असे टोपणनाव ठेवले, ते उगाच नव्हे.

माझे म्हणणे असे आहे की प्रेक्षकांसमोर जो सूर लागलाच नाही, तो ज्या ध्वनिमुद्रिकेत आहे, तिला लाइव्ह म्हणून विकू नये. आवाजाची पातळी कमीजास्त करणे, स्वराचा पोत सुधारणे, तीन रात्रींतली सर्वांत चांगली रात्र निवडणे, हे सगळे मला मान्य आहे. परंतु गायकच बदलून बसवला, भले तो तोच गायक का असेना, की त्या रात्रीचा पुरावा म्हणून त्या मुद्रणाला किंमत उरत नाही.

याच्या उलट आयर्न मेडनची १९८५ ची 'लाइव्ह आफ्टर डेथ' पाहावी. ऑगस्ट १९८४ मध्ये पोलंडमधून सुरू झालेला त्यांचा दौरा जवळजवळ अकरा महिने चालला, आणि या जोड-ध्वनिमुद्रिकेतला मोठा भाग त्या दौऱ्याच्या उत्तरार्धात, मार्च १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनात मुद्रित झाला. नंतर स्टुडिओत काही भरायचे नाही, असा बँडचा आग्रह होता, हे बासवादक स्टीव्ह हॅरिस यांनी सांगितलेले आहे. ब्रूस डिकिन्सन यांचा आवाज काही उंच जागांवर ताणला जातो आणि दोन ओळींच्या मध्ये श्वास ऐकू येतो. मला तो श्वास हवा आहे.

मांजराकाठ (लातूर)

देवगिरी यांचा युक्तिवाद ऐकायला स्वच्छ आहे, परंतु तो मिक्सरच्या मागे कधी उभे न राहिलेल्या माणसाचा आहे, असे नम्रपणे नमूद करतो. मी कीर्तनापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सर्व प्रकारच्या कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था पाहतो आणि अधूनमधून इथल्या महाविद्यालयीन रॉक बँडचे मुद्रणही करतो.

पहिला मुद्दा असा की हात न लावलेले मुद्रण खरे असतेच असे नाही. लहान सभागृहात ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर मुळातच इतके मोठे वाजतात की लाउडस्पीकरमधून त्यांना फारसे द्यावेच लागत नाही. मिक्सरवर प्रामुख्याने गायकाचा आवाज चढवलेला असतो. आता त्याच मिक्सरमधून निघणारी जोडणी सरळ टेपवर घेतली, तर घरी ऐकताना गायक कानाशी ओरडतो आहे आणि गिटार शेजारच्या गल्लीत कुठेतरी वाजते आहे, असे वाटते. त्या मुद्रणात एकही सूर बदललेला नसतो, तरीही सभागृहातल्या एकाही माणसाने ते तसे ऐकलेले नसते. म्हणून प्रत्येक माईकचा वेगळा ट्रॅक घेतात आणि नंतर तोल नव्याने साधतात. या कामात माणसाची निवड येते, आणि निवड आली की शुद्धता कुठे थांबवायची हा प्रश्न येतोच.

दुसरा मुद्दा बिघाडाचा. आपल्याकडे जनरेटरवर कार्यक्रम चालला आणि अर्थिंग नीट नसले, की ५० हर्ट्झची घरघर सगळ्या ट्रॅकवर बसते. माईकच्या वायरीचे टोक आतून तुटलेले असले, तर गायक हलला की कडकड आवाज येतो, आणि हे नेमके उत्तम तान घेताना होते. गायकाने काम चोख केलेले असते. गेलेली असते ती वायर. अशा वेळी त्याने त्याच ओळी पुन्हा गाऊन दिल्या, तर त्यात कोणाची फसवणूक झाली?

दुधना (परभणी)

मी देवगिरी यांच्या बाजूने आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडनचा कार्यक्रम झाला, तेव्हा देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून गेलेल्यांपैकी मी एक. (धागालेखकाच्या नावाचा आणि गाडीचा योगायोग गंमतीचा आहे.) तो दौरा त्यांच्या १९८०च्या दशकातल्या गाण्यांचा होता आणि मंचावरची इजिप्शियन सजावटही 'लाइव्ह आफ्टर डेथ'च्या काळातलीच योजलेली होती, त्यामुळे ध्वनिमुद्रिका पाठ असलेल्या माणसाला तुलना टाळता येत नव्हती. प्रत्यक्षात ऐकलेला आवाज मुद्रणातल्या आवाजाच्याच जातीचा होता, तसाच धावणारा, काही ठिकाणी तसाच ओढलेला. मुद्रणात सगळे घोटून गुळगुळीत केलेले असते, तर त्या मैदानावर माझी निराशा झाली असती.

देवगिरी

मांजराकाठ यांनी तोलाविषयी जे सांगितले, ते मला पूर्णपणे पटते, आणि तोल साधण्याला माझा विरोध पहिल्या प्रतिसादापासूनच नाही. बिघाड आणि चूक यांत फरक आहे, हेही खरे. तथापि ऐकणाऱ्याला हा फरक कळायचा कसा? तुटलेल्या वायरीमुळे बदललेली ओळ आणि बेसूर झाली म्हणून बदललेली ओळ घरी सारखीच ऐकू येते. वेष्टनावर 'गायन स्टुडिओत पुन्हा मुद्रित केले आहे' असे एक वाक्य छापल्याने कोणाचे काय बिघडले असते?

बिंदुसरा (बीड)

विक्रीवर परिणाम झाला असता, हे बिघडले असते. बाकी हा सगळा शुद्धतेचा सोवळेपणा मला मानवत नाही. मोटरहेडची 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' १९८१ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि तिच्या नावात हॅमरस्मिथ असले, तरी मुद्रण प्रामुख्याने लीड्स आणि न्यूकॅसल इथले आहे. या बँडच्या चाहत्यांनी ते कधी मनावर घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. डीप पर्पलची 'मेड इन जपान' ही सच्चेपणाचा आदर्श म्हणून नेहमी पुढे केली जाते; तीसुद्धा ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाकाच्या दोन आणि टोकियोच्या एका अशा तीन रात्रींतून गाणी वेचून बांधलेली आहे. तिच्यावर आहे त्या क्रमाने, आहे त्या दर्जाने तो कार्यक्रम कोणत्याही एका प्रेक्षकाने ऐकलेला नाही. मग देवगिरी यांची रेघ रात्री निवडण्याच्या पलीकडे आणि गायन बदलण्याच्या अलीकडे का पडते?

आणि कानाचे म्हणाल, तर थिन लिझी या आयरिश बँडची १९७८ ची 'लाइव्ह अँड डेंजरस' घ्या. निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी म्हणाले की जवळजवळ तीन चतुर्थांश काम नंतर स्टुडिओत झाले; बँडच्या व्यवस्थापनाचे म्हणणे असे की तीन चतुर्थांश मंचावरचेच आहे. ज्यांनी ती ध्वनिमुद्रिका तयार केली, त्यांचाच हिशेब उलटसुलट लागतो, आणि आपण बीड-परभणीत बसून ती ऐकून ठरवणार!

देवगिरी

रेघ तिथेच पडते, कारण तिन्ही रात्रींतला प्रत्येक सूर कोणाच्या तरी समोर लागलेला आहे. चुकण्याची जोखीम घेऊन वाजवलेले आणि चुकल्यास पुन्हा वाजवण्याची सोय असताना वाजवलेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मग वादक तेच असोत. थिन लिझीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. कानाला कळत नाही, म्हणूनच छापून सांगण्याची गरज आहे.

आसनाकाठ (नांदेड)

खुलताबादच्या उर्समध्ये ऐकलेल्या कव्वालीची मोबाइलवरची मुद्रणे आमच्याकडे हातोहात फिरतात. त्यांत पहाटेच्या सुमारास मुख्य कव्वालाचा आवाज फाटतो, साथीदार ती ओळ उचलून धरतात, आणि लोक तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावतात. तो तुकडा स्टुडिओत दुरुस्त करून कोणी दिला, तर कोणी ऐकणार नाही. हेवी मेटलमध्ये मात्र तांत्रिक अचूकपणाला फार मान आहे, आणि त्यामुळे त्या ऐकणाऱ्यांना दोष खपत नाही, असा माझा समज आहे. तो चुकीचा असल्यास जाणकारांनी सांगावे.

मांजराकाठ

आसनाकाठ यांचा समज निम्मा बरोबर आहे. गिटारवादनात अचूकपणा लागतो, परंतु गायनात मेटलचे श्रोतेही फाटलेला आवाज आनंदाने ऐकतात.

देवगिरी यांना एक तांत्रिक गोष्ट सांगून थांबतो, कारण तिचा विचार या चर्चेत झालेला नाही. मंचावरचे गायन पुसून नवे बसवणे वाटते तितके सोपे नसते. गायकाच्या माईकमध्ये मागच्या झांजा शिरलेल्या असतात, त्यामुळे तो ट्रॅक बंद केला की झांजांचाही आवाज बदलतो. उलट जुने गायन ड्रमच्या माईकमध्ये आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या माईकमध्ये उरतेच. त्यातही ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मंचापासून ३४ मीटरवर ठेवलेल्या माईकला तोच शब्द सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो. नवे गायन जुन्याच्या बरोबर वर पडले नाही, तर मागून दुसराच माणूस कुजबुजतो आहे असे ऐकू येते. हे टाळण्यासाठी एक तर गायकाला स्वतःचीच त्या रात्रीची लय, श्वास आणि अडखळणे जसेच्या तसे गावे लागते, नाही तर गाणे चालू असताना प्रेक्षकांचे माईक खाली आणावे लागतात. कान तयार करायचा असेल, तर ओळींच्या मध्ये प्रेक्षक कुठे जातात तिकडे लक्ष ठेवावे. गायक गप्प झाला की गर्दी अचानक जवळ येते आणि तो गाऊ लागला की नाहीशी होते, असे वारंवार होत असेल, तर संशयाला जागा आहे, पुरावा मात्र नाही.

वेष्टनावर वाक्य छापण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः बँडच्या मुलांना फाइल देताना कोणत्या गाण्यात कोणता ट्रॅक पुन्हा घेतला ते लिहून देतो. मुले ती चिठ्ठी कोणाला दाखवत नाहीत, हा भाग वेगळा.

बिंदुसरा

दाखवणार नाहीतच. मी असतो, तर मीही दाखवली नसती.