पेठांतले वाडे पाडायला बंदी हवी का?

सागवानवेडा:
माझं मत सरळ आहे. पुण्याच्या पेठांत जे जुने वाडे उरलेत ते पाडायची परवानगी बंद करावी आणि दुरुस्ती सक्तीची करावी. हे गहिवर येऊन लिहीत नाही. वाड्याची बांधणीच दुरुस्तीसाठी केलेली असते. घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा. भार लाकडावर, भिंती बऱ्याचशा भरावाच्या. भिंत फुगली तर तेवढी उतरवून पुन्हा रचता येते, खांब बुडाशी कुजला तर तेवढाच बदलता येतो. सिमेंटच्या स्लॅबची सळई गंजली की काय होतं ते आपण बघतोच.

विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला, तो पुन्हा उभारला. सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब आणि लाकडात कोरलेली केळफुलं आजही बाजीराव रस्त्यावरून मान वर करून बघता येतात. (त्याच आगीत बुधवारवाडा मात्र पार गेला.)

दोन_खोल्या:
साहेब, तुम्ही वाडा रस्त्यावरून मान वर करून बघता. आम्ही आतून बघितलाय. चौकात एक नळ, मागे सामाईक संडास, सकाळी रांग. जिना इतका काळोखी की पाहुणे दोरीला धरून चढायचे. पावसाळ्यात खालच्या खोल्यांची ओल कमरेपर्यंत चढायची.

आणि दुरुस्ती करायची कुणी? १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकली. मालकाच्या हाती जे भाडं पडायचं त्यात कौलंसुद्धा शेकारून होत नव्हती. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण शंभर रुपयांवर चार टक्के म्हणजे चार रुपये! मालक म्हणतो परवडत नाही, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही. दोघांच्या मध्ये तुमचा सागवान कुजतो.

नदीकाठचा:
'भार लाकडावर' हे पुस्तकात बरोबर, पण १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकडच्या पेठांत काय झालं? पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या आणि नुसते सांगाडे उभे राहिले, काही तेही नाहीत. त्यानंतर जिथे सिमेंटची घरं आली तिथे लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. नव्या पिढीला वाड्याची ओढ आहे, कारण तिने चिखल उपसला नाही.

सागवानवेडा:
सांगाडे उभे राहिले हे तुम्हीच लिहिलंत. धरण फुटेल हे गृहीत धरून कुणीच घर बांधत नाही.

@दोन_खोल्या, संडासाचं मान्य. पण तो पाइप टाकून सुटणारा प्रश्न आहे. त्यासाठी वाडा का पाडायचा? जे वाडे टिकले ते का टिकले बघा. टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाडवाडा विकत घेतला, तिथून 'केसरी' निघत राहिला, म्हणून केसरीवाडा आहे. नाना फडणवीसांच्या नानावाड्यात न्यू इंग्लिश स्कूल भरली. विश्रामबागेत शाळा, मग नगरपालिका. वापर मिळाला की वाडा जगतो.

दोन_खोल्या:
अगदी बरोबर, आणि तिथेच तुमचा मुद्दा पडतो. या सगळ्यांना एकेक धनी होता: पत्र, शाळा, पालिका. आमच्या वाड्याच्या सातबारावर, माफ करा, प्रॉपर्टी कार्डावर पणजोबांच्या नावाखाली चुलत-मावस मिळून इतकी नावं आहेत की सह्या गोळा करायला अमेरिकेपर्यंत फोन लागतात. त्यात भाडेकरू वेगळे. असल्या वाड्याला कोणतं वर्तमानपत्र विकत घेणार आहे?

बुधवारातली:
तुम्ही दोघंही मालक आणि लाकूड यावरच अडलात. कोण राहिलं, काय घडलं, हे कुठेय?

भिडेवाडा आठवा. दगडूशेठ गणपतीच्या समोर. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. कोरीव खांबांसाठी तिथे कुणी गेलं नसतं. खाली दुकानं, वर पडझड, आणि कोर्टात वर्षानुवर्षं खटला. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन निकाल लागल्यावर रातोरात पाडला, स्मारकासाठी. मला विचाराल तर ते योग्यच झालं. ज्या घटनेसाठी जागा हवी होती ती लाकडात नव्हती.

शिवाय नावं बघा: पेशवे, फडणवीस, सरदार. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला. त्या घराचा वाडा म्हणून कुणी पोवाडा गात नाही.

सागवानवेडा:
इथे मात्र कडाडून विरोध. भिडेवाड्याचं स्मारक व्हायलाच हवं होतं, पण पाडूनच का? मुलींची शाळा कसल्या जागेत भरत होती, उजेड किती होता, रस्त्यावरून येताना लोकांच्या नजरेतून कसं जावं लागत होतं, हे त्या खोलीत उभं राहून कळलं असतं. नव्या इमारतीत ते फलकावर वाचायचं. गंज पेठेतला फुलेवाडा ठेवला ना? तिथला हौद, जो फुल्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला, तो बघितल्यावर पोरांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

बुधवारातली:
उभं राहून? वरचा मजला गळत होता. पडला असता तर स्मारकाऐवजी पंचनामा झाला असता.

वखार_जवळ:
भांडा भांडा. तोवर पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि कोरीव खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात आणि कुणाच्या तरी फार्महाऊसच्या व्हरांड्यात उभे राहतात. तिथे त्यांची निगा वाड्यापेक्षा बरी राखली जाते, हेही सांगतो.

सागवानवेडा:
बरं, बंदी राहू द्या बाजूला. निदान इतकं तरी: पाडायच्या आधी प्रत्येक वाड्याचा नकाशा, फोटो, आणि मालकाबरोबर भाडेकरूंचीही नोंद. त्याशिवाय परवानगी नाही. यालाही विरोध आहे का?

दोन_खोल्या:
विरोध नाही. खर्च मात्र मालकाच्या डोक्यावर टाकू नका, आणि फाईल सहा महिने टेबलावर पडणार असेल तर आमच्याकडचे टेकू तेवढे टिकणार नाहीत.