अल्कलाइन डाएट : किडनीवाल्यांनी जरा जपून
अल्कलाइन डाएट म्हणजे शरीरातलं आम्ल कमी व्हावं म्हणून ठरावीक पदार्थच खायचे; त्यात लिंबूपाणी नि पालेभाज्यांनी रक्तातलं अ‍ॅसिड जातं असं सांगतात, पण रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, तो फुप्फुसं नि किडन्या सांभाळतात, खाण्यानं बदलतो तो लघवीचा. युरिक अ‍ॅसिडचे मुतखडे होणाऱ्यांना लघवीतल्या या बदलाचा फायदा होतो हे मात्र खरं. माझ्या मावशीचं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते रक्तात दाखवणारा आकडा) आधीच वाढलेलं, तरी कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी शहाळं आणि वर पालकाचा ग्लासभर ज्यूस, दोन्हीत पोटॅशियम भरपूर नि कमजोर किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, महिन्याभरात रक्तातलं पोटॅशियम ६.२ म्हणजे फारच जास्त, पायातलं बळच गेलं, अ‍ॅडमिट करावं लागलं. बीपी-शुगरवाल्यांनी आधी क्रिएटिनिन तपासून घ्या प्लीज. आणि या डाएटवाले डाळी, दूध बंद करा म्हणतात तेही मला अजिबात पटत नाही, शाकाहारी माणसानं प्रोटीन आणायचं कुठून?