वाचता न येणाऱ्या मुलांचं वाचनालयात काय काम?

तळ्याकाठची
आमच्या तालुक्याच्या गावचं वाचनालय सरकारी दर्जानं 'ब' वर्गाचं. मागच्या महिन्यात साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन गेले. उत्तर मिळालं, "बालविभाग पहिलीपासून. वाचता आलं की या." बालविभाग म्हणजे एक काचेचं कपाट, तेही कुलूपबंद. किल्ली शोधण्यात दहा मिनिटं गेली आणि तोवर पोरगी काचेला नाक लावून आतला हत्ती बघत उभी.

मला वाटतं, वाचता येत नाही म्हणूनच तिनं तिथं जायला हवं. शाळेची तयारी म्हटली की आपण पाटी काढून अआइई गिरवायला बसवतो. अक्षरं पहिलीत बाई शिकवतातच की. पुस्तक सुलटं धरणं, चित्र बघून "मग काय झालं?" विचारणं, दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक मिळेपर्यंत थांबणं, घरच्याखेरीज कुणा मोठ्या माणसाशी बोलणं, हे मात्र गिरवून येत नाही. शनिवारी एक तास, एक सतरंजी, पंधरा चित्रांची पुस्तकं. एवढ्यानं सुरुवात होईल.

२०२२ पासून आपल्याकडे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. टेबलं मांडतात, मुलांकडून उड्या, रंग, वस्तू मोजणं करून घेतात, आयांचे गट करून कार्डं देतात. छान असतं ते. पण मेळावा उठला की त्या माता गटांनी बसायचं कुठे? वाचनालयाची खोली सकाळी रिकामीच असते.

जुनाकारकून
'क' वर्गाच्या वाचनालयाचा २२ वर्षं कार्यवाह आहे, म्हणून लिहितो. कपाटाला कुलूप का असतं ते ऐका. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं. तपासणीला नोंदवही आणि कपाट जुळलं पाहिजे. तीन वर्षांच्या चिरंजीवांनी पान फाडलं की त्या पुस्तकाचं निर्लेखन, म्हणजे ते वहीतून कमी करणं, त्यासाठी ठराव, सह्या. ग्रंथपाल घाबरतो तो मुलांना नाही, वहीला.

दुसरं, पैसा. १९६७च्या आपल्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही. राज्यातली अकरा-बारा हजार वाचनालयं सरकारी अनुदान आणि वर्गणी यांवर चालतात. अनुदान दोन हप्त्यांत येतं, दुसरा कधी येईल ते विचारू नका. आमच्या ग्रंथपालाचा महिन्याचा पगार ऐकलात तर तुम्हीच त्याला चहा पाजाल. आता त्यानं हावभावासकट कोल्ह्याची गोष्टही सांगायची?

न्यूजर्सीकर
इथं मांडीवरच्या बाळांनाही वाचनालयात नेतात. आठवड्यातून एकदा गोष्टी, बडबडगाणी, टाळ्या. मुलगा दोन वर्षांचा असताना त्याच्या नावाचं कार्ड केलं.

जुनाकारकून
आणि पैसे?

न्यूजर्सीकर
मालमत्ता करातला ठरावीक वाटा गावच्या वाचनालयासाठी कायद्यानंच बाजूला काढावा लागतो. कळलं, कळलं. गप्प बसतो.

सेवानिवृत्तताई
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. तीस वर्षं अंगणवाडी चालवली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्यातूनच आलं. तुम्ही उलटं करताय, मुलांना आमच्या खोलीत या म्हणताय. शनिवारी सकाळी कोण येईल? ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं आहेत ती. निंदणीला गेलेल्या बाईचं पोर कुणाच्या बोटाला धरून येणार?

आणखी एक भीती. सहा महिन्यांत कुणीतरी भिंतीवर ए फॉर ॲपलचा तक्ता लावेल, सहामाही परीक्षाही घेईल. पालकांनाच ते हवं असतं.

सोमवारपेठ
हवंच असतं, खोटं कशाला बोलू? चांगल्या शाळेत मुलाला प्रश्न विचारतात. गोष्टी ऐकून प्रवेश मिळत नाही.

सेवानिवृत्तताई
प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं बंदी आहे. विचारणाऱ्या शाळेला हे सांगा. लेकरू कशाला घासताय?

गिरणाकाठ
भाषेचं कुणीच बोललं नाही. आमच्या घरी अहिराणी. 'इथे'ला आम्ही 'आठे' म्हणतो. मी पहिलीत गेलो तेव्हा बाई बोलायच्या त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं, त्यामुळे मी गप्प. गप्प मूल मठ्ठ ठरतं. एखाद्या आजीनं गोष्ट अहिराणीत सांगितली आणि चित्र दाखवत तीच पुस्तकातल्या मराठीत वाचली, तर मला तो पूल चार वर्षांचा असतानाच मिळाला असता. हे मोबाइलवरचं गोष्टींचं अॅप करणार नाही, ग्रंथपालही नाही. पण खोली वाचनालयाचीच लागेल, कारण आमच्याकडे दुसरी सार्वजनिक खोली म्हणजे देऊळ.

तळ्याकाठची
ताई, तुमचं पटलं, आणि जरा लागलंही. माझ्या डोळ्यासमोर माझ्याच लेकीसारखी मुलं होती. मग असं केलं तर? वीस पुस्तकांची पेटी वाचनालयानं भरायची, पंधरा दिवस एका अंगणवाडीत, मग पुढच्या. शनिवारचा तास ज्यांना जमेल त्यांच्यासाठी. तक्ता मात्र मी लावू देणार नाही, भांडेन.

कारकूनसाहेब, वहीचं मला खरंच माहीत नव्हतं. पण वर्तमानपत्रं रद्दीत जातात तेव्हा निर्लेखन करता का? लहान मुलांची पातळ पुस्तकं देणगीतून घ्या आणि साध्या वहीत लिहा. फाटतील. फाटेपर्यंत हाताळली गेली, तर पैसे वसूल.

जुनाकारकून
देणगीचंसुद्धा दाखल करावं लागतं, बाई. तरी 'खेळसाहित्य' म्हणून वेगळी वही घालता येईल का, ते विचारतो. हो म्हणालेलो नाही. आणि आमच्याकडे सकाळी साडेदहाला नकोच. तेव्हा म्हातारी मंडळी पेपरला बसतात, पोरांचा आवाज झाला की माझ्या नावानं तक्रार.

तळ्याकाठची
मग नऊ?

जुनाकारकून
नऊला किल्ली कुणाकडे असणार?

गिरणाकाठ
आमच्या गावात आजीकडे देऊन ठेवा. ती पाचलाच उठते.